स्वतः घडविलेला संगणक आणि त्याच्या वेगाची पारख

झाशी शहराच्या जुन्या तटबंदीस दहा दरवाजे होते. ज्या गावाच्या दिशेस वाट जाई त्या गावाचे नाव दरवाजास देण्याची रीत असल्याने कोणी ओरछा दरवाजा झाला, कोणी भांडेर दरवाजा, आणि जो दतियाच्या वाटेवर उघडे तो दतिया दरवाजा. आज त्या सर्व वस्तीस ‘दतिया गेट’ असेच म्हणतात. दरवाजाबाहेरची वस्ती ‘बाहेरची’ आणि तटाच्या आतली ‘आतली’, हा भेदही लोकांच्या बोलण्यात टिकून राहिला आहे.

अशा दरवाजासमोर उभे राहून एका साध्या प्रश्नाचा विचार करावा. समजा, बाहेरचा रस्ता एवढा रुंद आहे की त्यावरून एका वेळी चार बैलगाड्या सुखाने चालतील. आतला रस्ताही तितकाच प्रशस्त आहे. पण दरवाजातून एका वेळी एकच गाडी जाऊ शकते. तर तासाभरात किती गाड्या शहरात येतील? रस्त्याच्या रुंदीवर हे अवलंबून नाही, बैलांच्या चपळाईवरही फारसे नाही. जे काही ठरेल ते दरवाजाच्या रुंदीवर ठरेल. बैल बदलून अधिक जातिवंत बैल जुंपले, तरी ते दरवाजाशी येऊन अधिक वेळ खोळंबून राहतील एवढेच.

संगणक स्वतः जुळवू पाहणाऱ्याने आणि दोन संगणकांची तुलना करू पाहणाऱ्याने हा दृष्टान्त मनाशी बाळगावा. बाजारात संगणकाचे भाग विकताना ज्या आकड्यांचा गाजावाजा केला जातो, ते बहुधा बैलांच्या चपळाईचे आकडे असतात. दरवाजा किती रुंद आहे, हे विचारल्याखेरीज कोणी सांगत नाही.

संगणकाचे अवयव

कोणताही संगणक, मग तो खोलीभर पसरलेला असो वा टेबलाखाली मावणारा, चार कामे करतो. तो माहिती आत घेतो, ती साठवून ठेवतो, तिच्यावर बेरीज-गुणाकार-तुलना अशा क्रिया करतो आणि उत्तर बाहेर देतो. क्रिया करणाऱ्या भागास प्रोसेसर म्हणतात. चालू कामाची माहिती हाताशी ठेवणारा भाग म्हणजे स्मृती, बाजाराच्या भाषेत रॅम. वीज गेली की तिच्यातील सारे पुसले जाते. कायमच्या साठवणीसाठी चकती, म्हणजे हार्ड डिस्क, किंवा अलीकडे वापरात आलेली फिरता भाग नसलेली एसएसडी असते. हे सर्व भाग ज्या फळीवर बसतात व एकमेकांशी बोलतात ती मदरबोर्ड होय. ह्याशिवाय घरातील विजेचे रूपांतर करून प्रत्येक भागास हवा तेवढा दाब पुरविणारा पॉवर सप्लाय, उष्णता बाहेर टाकणारे पंखे आणि सर्वांना सामावणारी पेटी, म्हणजे कॅबिनेट, एवढी सामग्री असली की संगणक उभा राहतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावर, किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये हे सारे भाग सुटे मिळतात. ते जोडण्यासाठी एक स्क्रूड्रायव्हर व थोडा धीर ह्यांपेक्षा अधिक काही लागत नाही. आज शाळेतील विद्यार्थी एका दुपारी जे काम करू शकतो, त्याच कामासाठी आपल्या देशातील पहिल्या मंडळींना काही वर्षे खर्ची घालावी लागली. त्यांचा अनुभव आजही उपयोगी असल्यामुळे प्रथम त्याच्याकडे वळणे योग्य होईल.

टिफ्रॅक : मुंबईत घडलेले गणकयंत्र

मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५४-५५ च्या सुमारास एका लहानशा गटाने संपूर्ण स्वदेशी रचनेचे इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र बांधण्याचे मनावर घेतले. गटाचे प्रमुख डॉ. आर. नरसिंहन हे होते. गटातील तरुण मंडळींपैकी बहुतेकांनी गणकयंत्र प्रत्यक्ष हाताळलेले नव्हते. त्यांनी प्रथम एक लहान नमुना-यंत्र बांधले व १९५६ च्या अखेरीस ते चालू करून पाहिले. मग १९५७ पासून मोठ्या यंत्राची बांधणी सुरू झाली आणि १९६० च्या फेब्रुवारीत ते कामास लागले. १९६२ च्या जानेवारीत संस्थेच्या नव्या वास्तूच्या उद्घाटनास पंडित नेहरू आले असता ह्या यंत्रास ‘टिफ्रॅक’ असे नाव देण्यात आले.

ह्या यंत्रात सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. स्मृती फेराइटच्या चिमुकल्या कड्यांची होती. प्रत्येक कडी एका दिशेने चुंबकित झाली की शून्य आणि उलट दिशेने झाली की एक, असा संकेत असे. एका शब्दात असे ४० अंक मावत आणि यंत्रात २,०४८ शब्दांची सोय होती. म्हणजे एकंदर ८१,९२० कड्या झाल्या. प्रत्येक कडीतून तारा ओवाव्या लागत. आजच्या मापाने ही सारी स्मृती दहा हजार अक्षरांइतकी, म्हणजे ह्या पुस्तिकेच्या थोड्याशा पानांएवढी भरते.

टिफ्रॅक एक बेरीज ४५ मायक्रोसेकंदांत, तर एक गुणाकार सुमारे ५०० मायक्रोसेकंदांत करी. म्हणजे सेकंदास सुमारे २२,००० बेरजा झाल्या. कागदावर दहा सेकंदांत एक मोठी बेरीज करणारा कुशल गणक जर रात्रंदिवस न थांबता बसला, तर यंत्राचे एका सेकंदाचे काम उरकण्यास त्याला अडीच दिवस लागतील. अनेक संशोधन संस्थांनी आपली गणिते ह्या यंत्रावर सोडवून घेतली, आणि यंत्र दोन-दोन पाळ्यांत चालू ठेवावे लागे.

तथापि ४५ मायक्रोसेकंद ह्या आकड्यात एक शिकण्यासारखी गोष्ट दडलेली आहे. स्मृतीतून एक शब्द काढून पुन्हा जागेवर ठेवण्यास ह्या यंत्रात सुमारे १५ मायक्रोसेकंद लागत. आज्ञा आणावयाची तीही स्मृतीतून, आणि जिची बेरीज करावयाची ती संख्याही तेथूनच. म्हणजे बेरजेच्या ४५ मायक्रोसेकंदांपैकी बराच भाग प्रत्यक्ष बेरजेत नव्हे, तर आणण्या-नेण्यातच खर्च होई. दतिया दरवाजा येथेही होताच; त्याचे नाव स्मृती.

दुसरी गोष्ट काळाच्या ओघाची. टिफ्रॅक बांधले जात होते त्या पाच वर्षांत जगात निर्वात नलिकांची जागा ट्रान्झिस्टरांनी घेतली. यंत्र चालू झाले तेव्हाच त्याचे घटक जुने होऊ लागले होते. १९६४ साली संस्थेत अमेरिकेच्या कंट्रोल डेटा कंपनीचे सीडीसी ३६०० हे यंत्र आले. त्याचा शब्द ४८ अंकांचा आणि स्मृती ३२ हजार शब्दांची होती. १९६५ मध्ये टिफ्रॅकला निवृत्ती देण्यात आली. एवढ्यावरून त्या खटाटोपास व्यर्थ म्हणणे मात्र बरोबर नव्हे. यंत्र कालबाह्य झाले, पण यंत्र समजणारी माणसे तयार झाली. देशातील संगणकशास्त्राच्या पुढील अनेक कामांचा पाया ह्याच मंडळींनी घातला.

पुण्याचे ‘परम’ आणि शिखरवेगाचा प्रश्न

त्यानंतर पाव शतकाने तोच प्रश्न अधिक तीव्र स्वरूपात उभा राहिला. पावसाळ्याचा अंदाज वर्तविण्यासाठी भारतास महासंगणकाची गरज होती. अशी यंत्रे बनविणारी प्रमुख कंपनी अमेरिकेतील क्रे ही होती. परंतु हे यंत्र शस्त्रास्त्रांच्या गणितासाठीही वापरता येईल, ह्या शंकेने अमेरिकन सरकारने परवानगी अडवून धरली. बऱ्याच वाटाघाटींनंतर मागितल्याहून कमी शक्तीचे एक यंत्र कडक अटींवर दिल्लीच्या हवामान केंद्रासाठी देण्यात आले. इतर शास्त्रीय कामांचे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

१९८८ साली पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, ही संस्था स्थापन झाली. तिचे नेतृत्व डॉ. विजय भटकर ह्यांच्याकडे आले. त्यांचा जन्म अकोला जिल्ह्यातील मुरंबा ह्या खेड्यातील. तीन वर्षांचा अवधी व तीस कोटी रुपये एवढ्या मर्यादेत महासंगणक उभारावयाचा होता. क्रे यंत्राचा एकेक प्रोसेसर अतिशय वेगवान असे, व तसा प्रोसेसर घडविण्याचे कारखाने आपल्याकडे नव्हते. म्हणून पुण्याच्या अभियंत्यांनी वेगळी वाट धरली. एक अतिवेगवान प्रोसेसर मिळत नसेल तर पुष्कळसे साधारण प्रोसेसर एकत्र कामास लावावेत, हा तो विचार. दृष्टान्ताच्या भाषेत सांगावयाचे तर, दतिया दरवाजा रुंद करता येत नसेल तर शहराचे दहाही दरवाजे एकदम उघडावेत.

त्यासाठी इंग्लंडमधील इन्मॉस कंपनीच्या टी-८०० ह्या ट्रान्सप्युटर नावाच्या चिपची निवड झाली. ह्या चिपमध्ये क्रिया करणारा भाग तर होताच, शिवाय शेजारच्या चार चिपांशी बोलण्यासाठी चार दुवेही होते. अशा चिपा एकमेकींस जोडून २५६ चिपांचे यंत्र उभे करण्यात आले. १९९१ साली पूर्ण झालेल्या ह्या यंत्राचे नाव ‘परम ८०००’. संस्कृतात परम म्हणजे श्रेष्ठ, आणि समांतर यंत्र ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचेही ते संक्षिप्त रूप होते.

परमचा शिखरवेग सेकंदास सुमारे एक अब्ज दशांश-क्रिया, म्हणजे एक गिगाफ्लॉप होता. हा आकडा कसा मिळतो ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक चिप सेकंदास सव्वाचार दशलक्षांच्या आसपास क्रिया करू शकते. त्यास २५६ ने गुणले की सुमारे एक अब्ज येतात. हा गुणाकार कागदावर होतो. त्यात असे गृहीत धरलेले असते की प्रत्येक चिपला प्रत्येक क्षणी काम मिळत आहे, कोणीही कोणाची वाट पाहत नाही आणि प्रत्येक संख्या हवी तेव्हा हाताशी आहे. प्रत्यक्ष शास्त्रीय कामांत परमचा वेग १०० ते २०० मेगाफ्लॉप, म्हणजे शिखरवेगाच्या शेकडा दहा ते वीस एवढा भरे.

हे वाचून कोणास वाटेल की यंत्र फसवे होते. तसे नाही. शिखरवेग व प्रत्यक्ष वेग ह्यांतील ही तफावत समांतर यंत्रांच्या स्वभावातच आहे आणि ती जगातील प्रत्येक मोठ्या यंत्रात आढळते. परमच्या अभियंत्यांचे मोठे काम चिपा जोडण्यात नव्हते. त्या चिपांना एकमेकींची वाट कमीत कमी पाहावी लागेल अशी कामाची वाटणी करणारी आज्ञावली लिहिण्यात ते होते.

दहा दरवाजे आणि एकच काटा

ही तफावत का पडते ह्याचे एक सोपे गणित आहे. १९६७ साली जीन अ‍ॅमडाल ह्या अमेरिकन अभियंत्याने ते मांडले. समजा, शहरात शंभर गाड्या धान्य येते. दहाही दरवाजे उघडले. पण आत बाजारात वजनाचा काटा एकच आहे आणि प्रत्येक गाडीस त्यावरून जावे लागते. मग दरवाजे दहा असोत वा वीस, काट्यापुढची रांग काही कमी होत नाही.

आता आकडे घेऊ. एका कामास एका प्रोसेसरवर १०० मिनिटे लागतात. त्यांपैकी ८० मिनिटांचे काम वाटून देता येते, २० मिनिटांचे येत नाही. प्रोसेसर चार केले तर ८० ची २० होतात आणि एकूण ४० मिनिटे लागतात. आठ केले तर १० अधिक २० अशी ३० मिनिटे. सोळा केले तर २५. आणि प्रोसेसर अगणित केले तरी २० मिनिटांच्या खाली येणे नाही. चौपट प्रोसेसरांनी अडीचपट वेग दिला, सोळापटींनी अवघा चौपट. जो भाग वाटता येत नाही तोच शेवटी हुकूम गाजवितो.

घरचा संगणक निवडतानाही हे गणित जसेच्या तसे लागू पडते. आजच्या प्रोसेसरमध्ये चार, आठ, सोळा गाभे, म्हणजे कोअर असतात. पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे, पुस्तक वाचणे ह्यांसारख्या कामांत वाटून देण्याजोगे फार थोडे असते. तेथे सोळा गाभ्यांचे पैसे देणे म्हणजे एका काट्यासाठी वीस दरवाजे बांधणे होय. ह्याउलट चित्रपटाची संपादित फीत तयार करणे किंवा मोठे शास्त्रीय गणित सोडविणे अशा कामांत वाटणी पुष्कळ होते आणि अधिक गाभे सार्थकी लागतात.

स्मृती व साठवण ह्यांचे दरवाजे

चार गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदास चार अब्ज ठेके घेतो. एका ठेक्यास पाव नॅनोसेकंद मिळतो. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम साडेसात सेंटिमीटर अंतर कापतो. परंतु मुख्य स्मृतीकडे एखादी संख्या मागितली तर ती हाती येण्यास ऐंशी नॅनोसेकंद सहज लागतात. तेवढ्या अवधीत प्रोसेसरचे ३२० ठेके होऊन गेलेले असतात. म्हणून प्रोसेसरच्या पोटातच थोडीशी, पण अत्यंत चपळ अशी कॅश नावाची स्मृती ठेवलेली असते. वारंवार लागणाऱ्या गोष्टी तीत राहतात. स्वयंपाक करणारी गृहिणी मिठा-तिखटाचा डबा हाताशी ठेवते व धान्याची कोठी आत ठेवते, तसाच हा प्रकार आहे.

स्मृतीची रुंदीही महत्त्वाची. डीडीआर-४ जातीच्या ३२०० मापाच्या रॅमची एक वाट सेकंदास २५.६ अब्ज बाइट वाहून नेते. बहुतेक मदरबोर्डवर अशा दोन वाटा असतात. १६ गिगाबाइटची एकच पट्टी लावली तर एक वाट रिकामी राहते. ८ गिगाबाइटच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्या तर दोन्ही वाटा चालू होऊन माप ५१.२ अब्जांवर जाते. किंमत जवळपास तीच, स्मृतीही तेवढीच, पण दरवाजा दुप्पट रुंद झाला.

साठवणीचे अंतर तर ह्याहून मोठे. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या चकतीस एका फेऱ्यास ८.३३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंदांहून अधिक वेळ जातो. सुई हलविण्याचा वेळ वेगळाच. एसएसडीत फिरणारे काही नसल्याने हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात होते. जुना संगणक मंद झाला म्हणून प्रोसेसर बदलू पाहणाऱ्यास पुष्कळदा चकती बदलल्याने अधिक गुण येतो, त्याचे कारण हेच.

जोडणी करताना

जोडणीपूर्वी प्रोसेसर मदरबोर्डच्या खोबणीत बसतो की नाही, रॅम त्या जातीची आहे की नाही, आणि पॉवर सप्लाय सर्व भागांच्या बेरजेहून थोडा अधिक समर्थ आहे की नाही, हे कागदावर पडताळून पाहावे. अंगावरील स्थिरविद्युत चिपांना घातक असते. म्हणून पॉवर सप्लायची वायर जोडण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूस हात लावावा आणि फळ्या कडेने धराव्यात. प्रोसेसर खोबणीत ठेवताना जोर लावू नये, कारण खुणा जुळल्या की तो आपोआप बसतो. त्यावर उष्णतावाहक लेप मटारच्या दाण्याएवढा पुरतो. मग पंख्यासह उष्णताशोषक घट्ट बसवावा. पॉवर सप्लायची पेटी मात्र कधीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही आतील धारित्रांत धोकादायक विद्युत्भार राहतो.

उन्हाळ्याची परीक्षा

झाशीस मे-जून महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. संगणकाची चाचणी घेणाऱ्याने हा आकडा विसरता कामा नये. शंभर वॅट उष्णता निर्माण करणारा प्रोसेसर असा विचारात घेऊ की ज्याचा उष्णताशोषक दर वॅटमागे अर्धा अंश तापमान वाढू देतो. म्हणजे प्रोसेसर खोलीपेक्षा ५० अंशांनी अधिक तापेल. डिसेंबरात खोली २५ अंशांवर असेल तर तो ७५ वर राहील. मे महिन्यात खोली ४५ वर गेली तर तो ९५ वर पोहोचेल. बहुतेक प्रोसेसर शंभराच्या आसपास पोहोचले की स्वतःच्या रक्षणासाठी आपला वेग आपण कमी करतात. तोच संगणक, तेच काम, पण उत्तर येण्यास अधिक वेळ. हिवाळ्यात मोजलेला आकडा उन्हाळ्यात खोटा ठरतो, आणि ह्यात यंत्राचा काही दोष नसतो.

प्रोसेसरचा ठेका मुद्दाम वाढविणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. खर्च होणारी वीज ठेक्याच्या प्रमाणात व दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ठेका शेकडा दहाने आणि त्यासाठी दाब शेकडा पाचने वाढविला, तर वीज व उष्णता शेकडा एकवीसने वाढते. दहा मिळविण्यासाठी एकवीस द्यावे लागतात. उत्तरेच्या उन्हात हा सौदा बहुधा आतबट्ट्याचा ठरतो. मोठा पंखा, स्वच्छ जाळी आणि हवेशीर कोपरा ह्यांचा उपयोग त्याहून अधिक होतो.

तुलना कशी करावी

दोन संगणकांची तुलना हा एक शास्त्रीय प्रयोग आहे आणि प्रयोगाचे सर्व नियम त्यास लागू आहेत. दोन्ही यंत्रांवर काम एकच असावे, माहितीही एकच असावी. एका वेळी एकच भाग बदलावा. रॅम व चकती दोन्ही बदलून वेग वाढला, तर श्रेय कोणाचे हे कधीच कळणार नाही. खोलीचे तापमान टिपून ठेवावे. पहिल्या खेपेस माहिती साठवणीतून स्मृतीत यावयाची असते, म्हणून ती खेप वेगळी लिहावी. त्यानंतर किमान पाच खेपा घेऊन वेळा चढत्या क्रमाने मांडाव्यात व मधली घ्यावी. सर्वांत चांगली खेप निवडून सांगणे ही आत्मवंचना होय. चाचणी दहा सेकंदांची न घेता वीस-पंचवीस मिनिटांची घ्यावी, म्हणजे उष्णतेचा परिणामही मोजला जाईल.

जगात ह्यासाठी अनेक ठरावीक चाचण्या आहेत. १९७९ पासून लिनपॅक नावाची चाचणी प्रचारात आहे. तीत अनेक अज्ञातांची समीकरणे सोडवावयाची असतात. १९९३ पासून तिच्या आधारे जगातील पाचशे सर्वांत वेगवान यंत्रांची यादी वर्षातून दोनदा प्रसिद्ध होते. २००७ च्या नोव्हेंबरात पुण्याच्याच ‘एका’ ह्या यंत्राने त्या यादीत चौथे स्थान मिळविले. त्याचा लिनपॅक-वेग सुमारे ११८ टेराफ्लॉप, तर शिखरवेग सुमारे १७१ टेराफ्लॉप होता, म्हणजे शेकडा एकोणसत्तर. सी-डॅकचे ‘परम सिद्धी-एआय’ २०२० च्या नोव्हेंबरात ६३ व्या स्थानी होते.

येथे चौकस वाचक विचारील की परम ८००० ला शेकडा दहा-वीस आणि ‘एका’ ला एकोणसत्तर, तर दुसरे यंत्र पहिल्याहून तितके पट कार्यक्षम म्हणावे काय? नाही. पहिला आकडा नाना प्रकारच्या शास्त्रीय कामांचा आहे, दुसरा एका ठरावीक चाचणीचा. लिनपॅक ही समांतर यंत्रांना सोयीची चाचणी आहे. स्मृतीवर अधिक ताण देणाऱ्या एचपीसीजी ह्या नव्या चाचणीत जगातील बहुतेक मोठी यंत्रे शिखरवेगाच्या शेकडा पाचापर्यंतही पोहोचत नाहीत. कसोटी बदलली की क्रम बदलतो. म्हणून ‘हा संगणक किती वेगवान?’ असे न विचारता ‘कोणत्या कामात किती वेगवान?’ असे विचारावे.

आणखी एक गोष्ट यंत्राबाहेरची आहे. झाशीहून दतियाची वाट तशीच पुढे ग्वाल्हेरास जाते. तेथे जन्मलेल्या नरेंद्र करमरकर ह्यांनी १९८४ साली, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना, मर्यादित साधनांचे उत्तम वाटप कसे करावे ह्या जातीच्या गणितांसाठी एक नवी रीत शोधून काढली. अटींनी वेढलेल्या प्रदेशाच्या कडेकडेने उत्तर शोधीत जाण्याऐवजी ती प्रदेशाच्या आतून वाट काढते. प्रश्न जसजसा मोठा होत जातो तसतसा लागणारा वेळ ह्या रीतीने आवाक्यात राहतो. ज्या कामास नवे यंत्र घ्यावेसे वाटते, ते काम कित्येकदा नव्या रीतीने जुन्याच यंत्रावर होते, हा धडा वेग मोजणाऱ्याने विसरू नये.

घरातील महासंगणक

आज चार गाभ्यांचा, चार गिगाहर्ट्झचा साधारण प्रोसेसर दर ठेक्यास प्रत्येक गाभ्यात सोळा दशांश-क्रिया करू शकतो. चार गुणिले चार गुणिले सोळा, म्हणजे २५६ गिगाफ्लॉप. टेबलाखालच्या पेटीचा शिखरवेग १९९१ च्या परमच्या अडीचशे पट झाला. मात्र हाही कागदावरचाच गुणाकार आहे. त्यातील किती अंश प्रत्यक्षात उतरतो हे ज्याचे त्याने मोजून पाहावयाचे असते.

टिफ्रॅकच्या मंडळींना घटकांसाठी, आणि परमच्या मंडळींना परवानगीसाठी झगडावे लागले. आजच्या विद्यार्थ्यास भाग दुकानात मिळतात. पण भाग विकत मिळाले म्हणून समज विकत मिळत नाही. पेटी उघडून, एकेक भाग ओळखून, जोडून, आणि मग घड्याळ लावून कामाचा वेळ वहीत उतरविणाऱ्या विद्यार्थ्यास जाहिरातीतील आकड्याने सहसा भुलविता येत नाही. शाळेत एखादा निकामी झालेला संगणक असेल, तर तेथूनच आरंभ करावा. त्यास एसएसडी बसवावी, आधीचा व नंतरचा वेळ शेजारी शेजारी लिहावा, आणि पुढचा अरुंद दरवाजा कोणता हे शोधावयास लागावे. एक रुंद केला की दुसरा सापडतो. हा शोध संपत नाही, आणि संगणकशास्त्राचा बराचसा इतिहास ह्याच शोधाचा इतिहास आहे.